नाडी मोजणारे घड्याळ निवडताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्यायामासाठीच्या घड्याळांची जी परीक्षणे आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होतात, त्यांत स्क्रीनची चकाकी, पट्ट्यांचे रंग, व्यायामप्रकारांची लांबलचक यादी आणि झोपेला दिले जाणारे गुण यांचा तपशील भरपूर असतो. परंतु शरीराला श्रम होत असताना हृदयाचे ठोके हे घड्याळ कितपत बरोबर मोजते, याबद्दल त्यांत क्वचितच एखादे वाक्य सापडते. ज्याला फक्त आपली नाडी कळावी एवढ्यासाठीच साधे घड्याळ हवे आहे, त्याला अशा परीक्षणाचा उपयोग होत नाही, आणि नको असलेल्या सोयींसाठी त्याचे पैसे मात्र जातात. या विषयाची दुसरी बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ठोके मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, आणि घड्याळ निवडताना पहिला प्रश्न त्यांचाच असायला हवा. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणजे तत्त्वतः ईसीजी ज्या आधारावर काढला जातो त्याच आधारावर तो चालतो, आणि मोजलेला आकडा बिनतारी पद्धतीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाठवतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये असे बिनतारी उपकरण बाजारात आणले. आजच्या बहुतेक घड्याळांची पद्धत मात्र वेगळी आहे. त्यांच्या मागच्या बाजूचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या रक्ताचे प्रमाण किंचित बदलते, आणि परत येणाऱ्या प्रकाशातील त्या चढउतारावरून घड्याळ ठोक्यांचा हिशेब मांडते.

माणूस स्वस्थ बसलेला असताना ही दुसरी पद्धत उत्तम चालते, पण व्यायाम म्हटला की हातही हलतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. धावताना मनगटाला बसणारे लयबद्ध हिसके हेच ठोके समजण्याची चूक घड्याळ करू शकते. मग मिनिटाला १७० पावले टाकणाऱ्या माणसाची नाडी प्रत्यक्षात १४० असली तरी स्क्रीनवर १७० च्या आसपासचा आकडा हटून बसतो, आणि तो इतका स्थिर दिसतो की संशयही येत नाही. वजने उचलताना किंवा सायकलचे हँडल आवळून धरताना मनगटाचे स्नायू ताणले जातात, थंडीत त्वचेकडे जाणारे रक्त कमी होते, आणि दिव्याखाली गडद गोंदण असेल तर प्रकाशच अडतो. या प्रत्येक कारणाने आकडा बिघडू शकतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही पण हाताला मुंग्याही येणार नाहीत इतपत घट्ट बांधले, तर बराच फरक पडतो. दागिन्यासारखे सैल लोंबणारे घड्याळ नाडी मोजण्याच्या कामाचे नाही.

म्हणून आपण कोणता व्यायाम करणार आहोत, हे आधी ठरवावे. भरभर चालणे, संथ धावणे किंवा एका जागी बसवलेली व्यायामाची सायकल, एवढेच करायचे असेल तर मनगटावर मोजणारे साधे घड्याळ पुरेसे आहे. मात्र अर्धा मिनिट जोरात धावायचे, मग सावकाश चालायचे, पुन्हा धावायचे, अशा प्रकारच्या व्यायामात मनगटावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे राहतो आणि धाव संपल्यावर वर चढताना दिसतो. अशांनी आणि वजने उचलणाऱ्यांनी छातीच्या पट्ट्याचाच विचार करावा. पट्ट्याची थोडी कटकट आहे, हे खरे. बांधण्यापूर्वी त्याच्या आतील संवेदक भाग पाण्याने ओलसर करावे लागतात, नाहीतर घाम येईपर्यंत भलतेसलते आकडे दिसतात. वापरानंतर तो धुवावा लागतो आणि बटणासारखी बॅटरी अधूनमधून बदलावी लागते. पट्टा आणि घड्याळ वेगवेगळे घेताना दोन्ही एकाच पद्धतीने, म्हणजे ब्लूटूथने किंवा अँट प्लस (ANT+) या दुसऱ्या बिनतारी पद्धतीने, जोडली जातात ना, याची खात्री करावी. पोहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ब्लूटूथचे संकेत पाण्यातून जेमतेम काही इंच जातात.

आकडा बरोबर मिळाला तरी त्याचा अर्थ लावणे उरतेच. २२० मधून वय वजा करून हृदयाची कमाल गती काढण्याचे सूत्र जवळजवळ प्रत्येक घड्याळात असते. ते सरासरीचे सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल गतीत दहा-बारा ठोक्यांचे, कधी त्याहूनही अधिक अंतर असू शकते. २००१ मध्ये मांडल्या गेलेल्या दुसऱ्या सूत्रानुसार वयाच्या ०.७ पट संख्या २०८ मधून वजा करतात. पन्नाशीत दोन्हींत तीनच ठोक्यांचा फरक पडतो, पण सत्तराव्या वर्षी पहिले १५० सांगते आणि दुसरे १५९. मध्यम श्रमाचा व्यायाम कमाल गतीच्या ६४ ते ७६ टक्क्यांत बसतो, असे अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र सांगते. पहिल्या सूत्राने पन्नाशीच्या माणसासाठी ते १०९ ते १२९ ठोके होतात. या मर्यादा स्वतः बदलता येत नसतील तर ते घड्याळ घेऊ नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात आणि ही सूत्रे लागू पडत नाहीत; अशांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर स्क्रीनवर काहीही दिसो, व्यायाम तत्काळ थांबवावा.

खर्च झालेल्या कॅलरींच्या आकड्यावर मात्र मुळीच भिस्त ठेवू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा ठोक्यांच्या बाबतीत सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. तरीही जाहिरातीत कॅलरींचाच आकडा ठळक असतो!

मग साध्या घड्याळात पाहायचे काय? चालता-चालता, चष्मा नसतानाही वाचता येतील असे मोठे अंक. भर उन्हात दिसणारा पडदा. घामेजल्या बोटांनी दाबता येणारे खरे बटण. आणि ठरवलेली मर्यादा ओलांडताच वाजणारा किंवा थरथरणारा इशारा. फोन जवळ नसताना ठोके दाखवत नाही ते घड्याळ माझ्या मते अपुरे आहे.

परीक्षकांना एक साधी विनंती आहे. घड्याळ बांधून दहा मिनिटे भरभर चालावे, थांबताक्षणी स्क्रीनवरचा आकडा टिपून दुसऱ्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवावीत, पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. मानेवर बोटे दाबू नयेत, कारण तिथल्या दाबाने ठोके मंदावू शकतात. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून मोजायला विलंब करू नये आणि चार-पाच ठोक्यांच्या फरकाबद्दल घड्याळाला दोष देऊ नये. हीच तपासणी धावल्यानंतर आणि वजने उचलल्यानंतर पुन्हा करावी, आणि मिळालेले आकडे परीक्षणात पट्ट्याच्या रंगांच्या आधी छापावेत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक