विषय : इलेक्ट्रोलिसिसचा दिशाभूल करणारा प्रयोग दाखवून विकलेले आरओ यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मुंबई विभागीय कार्यालय.

दिनांक : १६ जून २०२५

संदर्भ : वार्षिक देखभाल करार (एएमसी) आणि आरओ यंत्राची पावती. दोन्हींच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

महोदय,

दादर (पश्चिम) येथील आमच्या घरी आपल्या कंपनीचे यूव्ही पद्धतीचे (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) जलशुद्धीकरण यंत्र गेली अनेक वर्षे व्यवस्थित चालू होते आणि त्याच्या एएमसीची रक्कम आम्ही दरवर्षी मुदतीत भरत आलो आहोत. गेल्या मे महिन्यात आपले टेक्निशियन ठरलेल्या सर्व्हिसिंगसाठी, म्हणजे पाणी गाळणारी कॅन्डल आणि यूव्हीचा दिवा बदलण्यासाठी, घरी आले. ते काम त्यांनी केलेच नाही. त्या वेळी घरात माझी ७६ वर्षांची आई एकटी होती. तिला एक प्रयोग दाखवून, महापालिकेचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही असे तिच्या मनात भरवून, त्यांनी तिच्याकडून १८,५०० रुपयांच्या आरओ यंत्राची (पाण्यातले विरघळलेले क्षार काढून टाकणाऱ्या यंत्राची) मागणी लिहून घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत असताना ते भिंतीवर बसवले आणि चांगले चालणारे जुने यंत्र ‘एक्स्चेंज’मध्ये काढून नेले. आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर केलेल्या तक्रारीला ‘ग्राहकाच्या संमतीने विक्री झाली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ती संमती कशी मिळवली गेली हे आपल्यापर्यंत पोहोचलेले नसावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रयोग असा होता. टेक्निशियनच्या पिशवीत एक छोटा डबा होता. त्याच्या खाली धातूच्या कांड्यांच्या दोन जोड्या आणि मागे विजेची वायर. त्यांनी ओट्यावर काचेचे दोन पेले ठेवले, एकात आमच्या नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतून आणलेले आरओचे पाणी ओतले, दोन्हींत कांड्या बुडवल्या आणि बटण दाबले. पाहता पाहता नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी साका धरू लागला, वर फेस आला आणि थोड्याच वेळात पेला गढूळ, गंजाच्या रंगाचा झाला. आरओचे पाणी होते तसेच नितळ राहिले. ‘आजी, ही घाण रोज तुमच्या पोटात जाते,’ असे सांगून त्यांनी आईच्या गुडघेदुखीचा आणि तिला पूर्वी झालेल्या मूतखड्याचा संबंधही याच पाण्याशी जोडला.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विद्युत अपघटन (इलेक्ट्रोलिसिस) हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय आहे आणि या पेल्यात काय घडते हे दहावीचा विद्यार्थीही सांगू शकेल. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार थोड्या प्रमाणात विरघळलेले असतात आणि त्यांच्यामुळे पाण्यातून वीज वाहते. वीज वाहू लागली की लोखंडाची कांडी झिजते, तिच्यातले लोह पाण्यात उतरते आणि त्याचे हायड्रॉक्साइड तयार होऊन खाली बसते. अॅल्युमिनियमच्या कांडीपासून तसाच पांढरट, चिकट साका होतो. पेल्यात दिसणारी घाण त्या कांड्यांची असते, पाण्याची नसते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ शिल्लक नसल्यामुळे वीजच वाहत नाही, मग कांडी झिजणार कशी आणि रंग येणार कुठून? या प्रयोगातून पाण्यात जंतू आहेत की नाहीत, शिसे किंवा कीटकनाशक आहे की नाही, यांपैकी काहीही कळत नाही. पाणी वीज वाहून नेते, एवढेच कळते.

माझ्या तक्रारीनंतर आपले एक पर्यवेक्षक तोच डबा घेऊन आमच्याकडे आले आणि तोच प्रयोग त्यांनी मलाही दाखवला. तो झाल्यावर मी त्यांना एक विनंती केली : आपल्याच नव्या यंत्रातून ताजे आरओचे पाणी काढा, त्यात स्वयंपाकघरातले चिमूटभर मीठ टाका आणि कांड्या पुन्हा बुडवा. त्यांनी आढेवेढे घेतले, पण अखेर केले. क्षणार्धात पेल्याच्या तळाशी हिरवट धागे उतरू लागले आणि आरओचे पाणी आधीच्या पेल्यापेक्षाही गडद झाले. आई शेजारी उभी राहून हे पाहत होती. पर्यवेक्षकांनी बटण बंद केले, कांड्या फडक्याने पुसल्या आणि ‘मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये जे शिकवतात तेच आम्ही दाखवतो’ असे सांगितले. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच ही तक्रार त्या दोन कर्मचाऱ्यांविरुद्ध नसून, त्यांच्या हातात तो डबा देणाऱ्या आपल्या कंपनीविरुद्ध आहे. घरगुती विजेवर चालणाऱ्या उघड्या कांड्या ओल्या ओट्यावर पाण्यात बुडवणे किती धोक्याचे आहे, हेही येथे नोंदवून ठेवते.

आता आमच्या पाण्याविषयी. मुंबईला पाणी येते ते मुख्यतः भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा या धरणांतून, आणि थोडे शहरातल्याच विहार व तुळशी तलावांतून. हे साठवलेले पावसाचे पाणी आहे. ते जमिनीत खोल मुरून क्षार गोळा करत वर आलेले नसते, त्यामुळे मुळातच मऊ असते, आणि भांडुप व पांजरापूर येथील केंद्रांत गाळून, क्लोरीन मिसळून शहराला दिले जाते. पर्यवेक्षकांच्याच मीटरवर आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, लिटरला ७४ मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणावरून टीडीएसची मर्यादाच घातलेली नाही, कारण त्याचा संबंध प्रामुख्याने चवीशी आहे. ७४ टीडीएसच्या पाण्याला आरओ बसवण्याचे कोणतेही कारण मला तरी सापडलेले नाही. आपल्या अभियंत्यांना सापडले असेल तर त्यांनी ते लेखी कळवावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली, टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी घालण्याबाबत केंद्र शासनाला निर्देश दिले होते, हे आपल्या व्यवसायात कोणाला ठाऊक नसेल असे नाही.

मुंबईच्या पाण्याला धोका नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमच्याकडे पाणी दिवसातून ठरावीक वेळ येते. उरलेल्या वेळात जलवाहिनीत दाब नसतो, आणि जुनी वाहिनी कुठे फुटकी असली, शेजारून गटार जात असले, तर बाहेरचे मैलापाणी आत ओढले जाऊ शकते. इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी वेळच्या वेळी धुतली गेली नाही तर तिथेही जंतू वाढतात. पावसाळ्याच्या तोंडावर गॅस्ट्रो आणि कावीळ यांचे रुग्ण वाढतात ते यामुळे. हा धोका जंतूंचा आहे, क्षारांचा नाही, आणि टीडीएसचा मीटर जंतू मोजत नाही. ७४ टीडीएसचे पाणी दूषित असू शकते आणि ६०० टीडीएसचे पाणी जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ असू शकते. जंतूंवरचा उपाय आमच्या घरात आधीपासून होता : आपलेच यूव्ही यंत्र. त्याला हवी होती ती नवी कॅन्डल, कारण पाणी गढूळ असले की जंतू त्या मातीआड लपतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि हवा होता नवा दिवा, कारण जुना दिवा जळताना दिसला तरी त्याच्या जंतुनाशक किरणांची तीव्रता कालांतराने कमी होत जाते. ज्या दोन वस्तूंमुळे माझ्या आईचे पोट खरोखर सुरक्षित राहिले असते, नेमक्या त्याच आपल्या टेक्निशियनने बदलल्या नाहीत. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे.

ज्या इमारतींत टँकरचे किंवा बोअरवेलचे खारट पाणी पिण्यासाठी वापरावे लागते तिथे आरओ उपयोगी पडतो, यात वाद नाही. आमच्या इमारतीत बोअरवेलचे पाणी फक्त फ्लशला जोडलेले आहे, आणि हे टेक्निशियनने विचारले असते तर आईनेही सांगितले असते. त्यांनी काहीच विचारले नाही.

नव्या यंत्राच्या मागच्या नळीखाली मी बादली लावून पाहिली. पिण्यासाठी एक लिटर पाणी निघेपर्यंत बादलीत जवळपास तीन लिटर सोडपाणी जमा झाले. ज्या शहरात धरणांचे साठे उतरले की पाणीकपात जाहीर होते आणि सकाळी लवकर उठून पिंपे भरावी लागतात, तिथे महापालिकेने गाळून दिलेले पाणी असे मोरीत सोडावे लागणे मला सहन होत नाही. आम्ही त्या पाण्याने लादी पुसतो, पण चार माणसांच्या घरात लादीला लागणार तरी किती? शिवाय यंत्रात ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाची चावी आहे. आरओचे पाणी फार बेचव लागू नये म्हणून तिच्यातून थोडे मूळ नळाचे पाणी पुन्हा त्यात मिसळले जाते. ज्या पाण्याला आपला प्रतिनिधी घाण म्हणाला तेच पाणी आपले यंत्र चवीसाठी परत मिसळते, याचा खुलासा मला हवा आहे.

पैशांपेक्षा मला अधिक लागले ते आईचे घाबरणे. तिने जन्मभर मुंबईच्या नळाचे पाणी गाळून-उकळून प्यायले आणि आम्हा भावंडांनाही तेच पाजले. त्या प्रयोगानंतर तिने नळाच्या पाण्यात भाजी धुणे बंद केले. आरओचे पाणी हळू येते म्हणून तांदूळ धुवायला ती वीस लिटरचा विकतचा जार मागवू लागली, आणि नात क्लासवरून येऊन नळाला ओंजळ लावायची तेव्हा तिच्यावर ओरडू लागली. ‘इतकी वर्षं मी तुम्हाला काय पाजलं गं,’ असे ती मला विचारत होती. ज्या बाईने चाळीतल्या सामाईक नळावरून पाणी भरून चार मुले धडधाकट वाढवली, तिला हा प्रश्न पडावा याची जबाबदारी आपल्या कंपनीवर आहे. मिठाचा प्रयोग डोळ्यांनी पाहिल्यानंतर ती बरीच सावरली आहे, पण आमच्याच मजल्यावरच्या दोन वयस्कर बिऱ्हाडांनी तिच्या सांगण्यावरून आपल्या कंपनीकडे आरओची चौकशी केली होती, आणि त्यांच्याकडेही तोच डबा पोहोचला आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची व्याख्या आहे. एखाद्या वस्तूची गरज किंवा उपयुक्तता यांबाबत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणे तिच्यात स्पष्टपणे येते. एएमसीची रक्कम घेऊन ठरलेली सेवा न देणे ही त्याच कायद्यानुसार सेवेतील त्रुटी आहे. त्यामुळे माझी मागणी अशी की, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपण आरओ यंत्र आपल्या खर्चाने काढून न्यावे आणि १८,५०० रुपये कोणतीही कपात न करता ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जमा करावेत. आमचे जुने यूव्ही यंत्र नवी कॅन्डल आणि नवा दिवा घालून पुन्हा बसवून द्यावे, आणि ते मोडीत गेले असेल तर त्याच क्षमतेचे दुसरे द्यावे. मधल्या काळासाठी एएमसीची मुदत वाढवून मिळावी. भिंतीला पाडलेली जादा भोके बुजवून देणेही त्यातच आले.

याखेरीज दोन गोष्टी मी माझ्यासाठी मागत नाही, तरी त्यांचे उत्तर मला हवे आहे. कांड्यांचा हा प्रयोग आपल्या प्रशिक्षणातून आणि टेक्निशियनच्या पिशव्यांतून काढून टाकल्याचे लेखी कळवावे. आणि कोणतेही यंत्र विकण्यापूर्वी ग्राहकाच्या पाण्याचा स्रोत कोणता व टीडीएस किती, हे पावतीवर लिहिणे आपल्या कर्मचाऱ्यांना बंधनकारक करावे. तेवढी एक ओळ माझ्या आईच्या पावतीवर असती तर ही विक्री झालीच नसती.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय आता कायद्यातच आहे आणि या रकमेच्या दाव्याला शुल्कही लागत नाही. दोन्ही वेळच्या भेटींचे सर्व्हिस स्लिप माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. पर्यवेक्षकांच्या संमतीने मीठ घालून केलेल्या प्रयोगाचे मोबाइलवर चित्रीकरण केलेले असून ते आपण मागितल्यास पाठवीन.

यंत्र काढून नेण्यासाठी येणाऱ्या व्यक्तीने कृपया आदल्या दिवशी फोन करून, मी घरी असताना, म्हणजे सायंकाळी सहानंतर किंवा रविवारी यावे. आई एकटी असताना आपल्या कंपनीच्या कोणाही प्रतिनिधीने घरी येऊ नये.

आपली,
तक्रारदार ग्राहक
दादर (पश्चिम), मुंबई

सोबत : आरओ यंत्राची पावती, एएमसी करार आणि दोन सर्व्हिस स्लिप यांच्या छायाप्रती.