कॉफीचा मळा बघायचा तर डिसेंबरात ये

परतवाडा,
१४ सप्टेंबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू सगळ्याला ‘हो हो’ म्हणतोस आणि ठाणे स्टेशन येईपर्यंत विसरतोस. म्हणून लिहूनच पाठवतो आहे. वहिनींना वाचायला दे, म्हणजे निदान एक जण तरी लक्षात ठेवील.

दिवाळीच्या सुट्टीत चिकमगळूरला जाऊन कॉफीची इस्टेट बघायची, तिथंच दोन रात्री काढायच्या, असा तुमचा बेत कळला. बेत चांगला आहे. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते. बाबा बुडन नावाच्या फकिरानं येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्याच डोंगरात लावल्या, अशी कथाही तिकडं ऐकायला मिळेल. पण अबे, अमरावतीच्या होस्टेलात पाच वर्षं काढलेल्या माणसानं कॉफीचं झाड पहिल्यांदा कर्नाटकात बघावं, हे काही मला पटत नाही. आपला चिखलदरा काय फक्त धुक्यात भिजून मक्याची कणसं खायला आहे? महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की पहिलं गाव हेच निघतं.

आधीच सांगून ठेवतो, तिथं इस्टेट वगैरे शोधू नकोस. लाल कौलांचा बंगला, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, पांढऱ्या कपड्यांतला वेटर, यातलं काही नाही. मरियमपूरच्या बाजूला झाडीत कॉफी आहे, आणखीही थोडी इकडंतिकडं. एकूण पसारा लहानच. पण तू म्हणतोस तसं ‘कॉफी कशी होते ते बघायचं’ असेल, तर लहान मळाच बरा. तिथं माणूस तुझ्याशी बोलेल, तिकीट फाडून पुढच्या घोळक्याकडं वळणार नाही.

आता मुख्य गोष्ट, दिवाळीत येऊ नको. एक तर पुण्या-नागपूरच्या गाड्यांनी घाट भरलेला असतो. दुसरं म्हणजे झाडावर तेव्हा बहुतेक फळ हिरवंच असतं. अरेबिका जातीचं फळ नोव्हेंबरपासून पिकायला लागतं आणि जानेवारीपर्यंत तोडणी चालते. रोबस्टा ही दुसरी जात त्याच्याही मागून येते. म्हणून डिसेंबरचा मधला आठवडा धर. थंडी असेल, आभाळ मोकळं असेल, आणि फांदीला चिकटून लाल घोस दिसतील.

डिसेंबरच काहून, त्याला माझं स्वतःचंही एक कारण आहे. आमच्या संत्र्याला आम्ही त्याच महिन्यात ताण देतो. पाणी तोडतो, झाड मलूल होतं, पानं थोडी गळतात. नवीन माणसाला वाटतं, बाग गेली. मग जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, पाणी सोडलं की झाड फुलानं पांढरं होतं. हा आंबिया बहार. कॉफीचंही नेमकं असंच आहे बघ. पावसाळा संपला की कोरडे महिने येतात, कळ्या फांदीवर तयार होऊन निजून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये एखादी चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळी झाडं एकदम फुलतात. मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास येतो, आणि तीन-चार दिवसांत खेळ खलास. फूल ते पिकलेलं फळ, अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात. मार्चअखेरपासून मोज, डिसेंबरच येतो. फरक एवढाच की आमचा ताण आम्ही विहिरीच्या मोटारीचं बटन दाबून मोडतो, कॉफीवाल्याला आभाळाकडं बघत बसावं लागतं. कर्नाटकातले मळेवाले त्या सरीला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात, आणि फुलं झडल्यावर काही आठवड्यांनी दुसरी सर यावी म्हणून पुन्हा वाट बघतात. ती नाही आली तर फळ नीट धरत नाही. ज्यांच्याकडं पाण्याची सोय आहे ते तुषार लावून ही सर स्वतःच पाडतात.

गंमत बघ, मार्चमधल्या ज्या अवकाळीनं आमचा खळ्यावरचा गहू काळा पडतो आणि संत्र्याची बारकी फळं झडतात, तीच सर वर डोंगरात कॉफीला फुलवते. रस्त्यानं तीस-पस्तीस किलोमीटरचं अंतर. खाली शिव्या, वर बहार.

तर माझ्या मनात असं आहे, पहिल्या दिवशी तू आमच्या बागेत ताणावर असलेलं झाड बघायचं आणि दुसऱ्या दिवशी वर जाऊन तोडणी. नुसती तोडणी बघून अर्धीच गोष्ट कळते.

तोडणीचं सांगतो. एका फांदीवर लाल, पिवळं, हिरवं असं सगळं एकत्र असतं. चांगली कॉफी हवी तर फक्त लाल फळ बोटानं फिरवून काढायचं आणि हिरव्यासाठी पुन्हा फिरून यायचं. कापसाचे वेचे करतो तसंच, पहिला, दुसरा, तिसरा. घाईत फांदी ओरबाडली की कच्चं-पिकलं एकत्र येतं आणि कपात तुरटपणा उतरतो. मोकळं सोडलं तर कॉफीचं झाड दोन पुरुष उंच जातं, म्हणून हाताशी राहील असं छाटून ठेवतात. डोक्यावर मोठ्या झाडांची सावली लागतेच. थेट उन्हात पान करपतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या घरात आहे म्हणून हे जमतं, खाली आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात तिची काय गत होईल!

लाल फळ एक मागून घे आणि तोंडात टाक. गर नावालाच, पण गोड. आत दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. कधीकधी एकच गोल बी निघते, तिला वेगळा भाव असतो. आणि नाक लावून बघ, कॉफीचा वास अजिबात येणार नाही. वाळलेली कच्ची बी हिरवट-करडी असते, वास गवतासारखा. तो ओळखीचा वास भाजल्यावरच येतो.

फळ तोडल्यावर दोन वाटा. एक, सालीसकट अंगणात पसरून वाळवायचं, रोज हलवत राहायचं, दोन आठवडे जातात. दुसरी, यंत्रात साल काढायची, बीवरचा चिकट थर हौदात आंबवून सुटा करायचा, धुवायचा आणि मग वाळवण. दुसऱ्या वाटेला पाणी फार लागतं. डोंगरावर डिसेंबरात पाण्याची किंमत काय असते हे तुला सांगायला नको. तेव्हा मळ्यावर पहिला प्रश्न हाच विचारू की तुम्ही कोणती वाट धरता, आणि का. दुसरा, खोडात किडा लागतो का? पांढरा खोडकिडा अरेबिकाचा मोठा वैरी आहे. आमच्याही संत्र्याचं खोड पोखरणारी अळी असते, म्हणजे मला तिथं बोलायला विषय मिळेल. तिसरा, माल विकता कुठं? भाव मात्र शेवटी विचारायचा. तुझी सवय मला माहीत आहे, तू पहिल्यांदा तोच विचारतोस.

आणि एक, जाण्याआधी परवानगी. मळा म्हणजे पॉइंट नाही, गाडी लावून आत शिरायला. मी आधी जाऊन बोलून येतो, तारीख ठरवून. तोडायला बहुतेक आसपासची कोरकू आदिवासी बायामाणसं असतील. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. त्यांची आपसातली बोली तुला शब्दभर कळणार नाही, ती मुंडा भाषाकुळातली, दूरच्या नात्यानं संथाळीची बहीण. मराठी, हिंदी त्यांना येतेच, पण त्यांना मजुरी तोडलेल्या मालावर मिळत असेल तर आपल्या गप्पांत त्यांचा रोज बुडतो, हे ध्यानात ठेव. जेवणाच्या सुट्टीत बसू. निघताना मळ्यावरून पाव-अर्धा किलो कॉफी विकत घे, घासाघीस न करता.

प्रवास सोपा आहे. रात्री सीएसएमटीहून अमरावती एक्स्प्रेस धर, सकाळी अमरावती. तिथून एसटीनं परतवाडा, मी डेपोवर येतो. आपली शकुंतला, ती छोट्या रुळांची गाडी, बंद पडली, नाहीतर मुर्तिजापूरला उतरवून तिच्यातून रखडत अचलपूरला आणला असता तुला. वर जाताना धामणगाव गढीवरून घाट चढू, दिवसाउजेडी. अंधारात नको, अस्वलं आणि गवे रस्त्यावर येतात आणि वळणावर धुकं असलं की काही दिसत नाही. स्वेटर दोन आण, एक वहिनींनाही. रोख पैसे ठेव, रेंजचा काही नेम नाही.

बाकी ते देवी पॉइंट, भीमकुंड वगैरे संध्याकाळी उरकू. गाविलगड किल्ल्याला मात्र अर्धा दिवस ठेव. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली यानं तो घेतला, तोच पुढं वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. जवळच्या मोथा गावात आता स्ट्रॉबेरीही करतात, नशीब असेल तर मिळेल. खवा आणि रबडी नशिबावर सोडायची नाही, ती घ्यायचीच.

आमच्या आबांना बेत सांगितला तर म्हणाले, “कॉफी पाहाले चिखलदऱ्याले? घरी चाय पेऊन जा ना बापा!” तेही येतो म्हणतात. गुडघा साथ देईल की नाही माहीत नाही, पण मळ्यावरच्या म्हाताऱ्याशी माझ्यापेक्षा चांगलं तेच बोलतील.

इकडं फळगळ सुरू आहे, त्यामुळं सध्या बागेतून हलता येत नाही. महिनाअखेर वर जाऊन मळ्यावर बोलून येतो. तोवर तू सुट्टीचा अर्ज टाक. तिकिटं लवकर काढ, हिवाळ्यात ही गाडी भरलेली असते. आणि चिकमगळूरचं बुकिंग झालंच असेल तर रद्द करू नको, मार्चला ढकल. तिकडं सर लवकर पडली तर फुलंही बघायला मिळतील.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक

ता. क. : बी भाजायला आमची लोखंडी कढई चालेल असं वाटतं, पण दळायला काही नाही. मिक्सरमध्ये एकसारखी होत नाही म्हणतात. तुझ्याकडची ती हातानं फिरवायची कॉफीची चक्की येताना बॅगेत टाक.