सुमे, मुक्ताला तूच सांग

लेस्टर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुमे,

गुडघे तसेच, शुगर ठीक. ‘यांनी’ आरएसव्हीची, म्हणजे श्वासाचा आजार करणाऱ्या एका विषाणूवरची, लस घेतली. इथे इंग्लंडात गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ७५ ते ७९ वयाच्यांना ती फुकट मिळते. दंड एक दिवस दुखला, पण कौतुक आठवडाभर करून घेतलं!

माझा जीव अडकलाय सुनेत, मुक्तात. तिला एकतिसावा आठवडा लागलाय. इथे २८ आठवडे झाले की गरोदर बाईला हीच लस देतात. नर्सने दोनदा विचारलं, ही म्हणते, बघू. विहीणबाई रोज नाशिकहून फोनवर सांगतात, पोटुशीला सुई नको. अगं, धनुर्वाताची सुई आपण दोघींनी घेतलीच होती ना?

मला सारखा तुझा बाबू दिसतो. दोन महिन्यांचं पोर, दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या, दूध ओढायची ताकद नव्हती. तुझ्या सासूबाई ओव्याची पुरचुंडी शेकत बसलेल्या आणि मी रिक्षा आणली म्हणून तू माझ्यावरच ओरडलीस. महिनाभर अबोला! पण मी आजही रिक्षाच आणीन. तो कुठला विषाणू होता ते तेव्हा कोणी तपासलंही नाही. पण तान्ह्यांचा श्वास असा कोंडणाऱ्यांत हा आरएसव्ही सगळ्यांत पुढे. मोठ्या माणसांना बहुतेकदा नुसती सर्दी वाटते, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

मुक्ता शिकलेली आहे, तिची भीतीही मी उडवून लावत नाही. १९६६ साली अमेरिकेत बाळांना दिलेल्या जुन्या लसीने आजार उलट बळावला, दोन लेकरं गेली. तिने ते वाचलंय. पण आताची लस बाळाला टोचतच नाहीत. आईला देतात, तिच्या रक्तात तयार झालेलं बळ वारेतून पोटातल्या बाळाला मिळतं आणि जन्मानंतरचे पहिले सहा महिने पुरतं. त्यात जिवंत विषाणूही नसतो. दिवस आधी भरतील का, हीही शंका आहे तिला. अमेरिकेत त्याच काळजीने ३२ ते ३६ आठवड्यांतच देतात. मग तिने ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर घ्यावी, माझी हरकत नाही. पण त्याहून लांबवू नये. बाळाला पुरेसं बळ पोचायला लस आणि बाळंतपण यांत निदान दोन आठवडे तरी हवेत. बाळ येणार ऐन डिसेंबरात, आणि इथे या आजाराचा जोर तेव्हाच असतो.

मी बोलले की ते सासूचं बोलणं होतं. तुझं ती ऐकते. रविवारी फोन कर आणि बाबूची ती रात्र सांग, काही न गाळता.

बाबूच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? तुझ्या मोतीबिंदूची तारीख कळव.

तुझी,
लता