नाशिकला ये, पण शिकायला ये

नाशिक,
रविवार

प्रिय मुग्धा,

सप्रेम नमस्कार.

इलेक्टिव्हसाठी, म्हणजे बर्मिंगहॅमच्या तुझ्या मेडिकल कॉलेजाबाहेर काही आठवडे शिकायला, टांझानियातलं मोशी की आपलं नाशिक, असं तू विचारलंयस. मोशीचं केसीएमसी मोठं शिकवणारं रुग्णालय आहे, तुमच्याकडची मुलं तिथे का जातात ते कळतं. पण तुझं एक वाक्य मला खटकलं: सिनिअर म्हणतात, गरीब देशात गेलं की हाताने करायला भरपूर मिळतं.

अगं, लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढणं) तुला बर्मिंगहॅममध्ये एकटीने करू देत नाहीत, मग ते इथल्या पेठ तालुक्यातल्या एखाद्या आजीच्या पाठीवर किंवा मोशीच्या बाळावर का करायचं? चुकलं तर त्यांच्यामागे धावायला कोण आहे? आपल्याला नाही म्हणता येतं हे त्या आजीला कुणी सांगितलेलंच नसतं. पांढरा कोट समोर आला की ती मान डोलावते, त्याला संमती म्हणणं मला पटत नाही. शिवाय नोंदणीशिवाय उपचार करणं २०१९ च्या एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) कायद्याने गुन्हा आहे. तुझा पासपोर्ट भारतीय असला तरी तू अजून विद्यार्थिनीच. आणि आमचे इंटर्न आहेतच की. त्यांना उद्या एखाद्या आरोग्य केंद्रात रात्री एकट्याने निभवायचंय, हात बसवायचा पहिला हक्क त्यांचा.

मग येऊन करायचं काय? बघायचं, आणि नीट बघायचं.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांतली गोष्ट सांगते. पहाटे एका पोराला घेऊन घरचे आले. पोटात दुखतंय, एवढीच तक्रार. सूज नाही, दंशाची खूण नाही. आमच्या सरांनी पोटाला हात लावायच्या आधी त्याला छताकडे बघायला सांगितलं. पापण्या वर जाईनात. एका दमात आकडे म्हणायला लावले, तर मध्येच दम संपला. "रात्री कुठे झोपला होतास?" खाली, जमिनीवर. मण्यार! तिचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला चावल्याचं कळतही नाही, आणि विष मज्जातंतूंचा स्नायूंकडे जाणारा निरोपच तोडतं. एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या १० बाटल्या लावल्या. लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. मग १०८ बोलावून नाशिकला निघालो. कोटंबी घाटात श्वास उथळ झाला, तिथून सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत सिस्टर आणि मी आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देणारी पिशवी, दाबत होतो. पोरगा वाचला. तू असतीस तर तुला कशालाच हात लावता आला नसता, पण पोटदुखीत पापण्या बघायच्या हे जन्मात विसरली नसतीस.

सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार तू तिकडे आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या कुटुंबांत बघतेस. इथे तो भिल्ल, कोकणा, वारली घरांत आहे. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन (बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन) बरेचदा जास्त असतं, त्यामुळे काहींना त्रास कमी होतो. काहींना मात्र हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू होईपर्यंत महिन्यामहिन्याला कळा, आश्रमशाळा बुडालेली. दोन्हीकडचे रुग्ण बघायला मिळणं तुझ्या बरोबरीच्या किती जणांच्या नशिबी असेल?

आणि आशाताईंबरोबर पाड्यावर चल. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित मूल मोजपट्टीवर कसं दिसतं ते बघ, मग त्याच्या आईला विचार की दिवाळीनंतर कुठे जाणार. पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. मूल बरोबर जातं, वजनाची नोंद मागे राहते. टीबीच्या गोळ्यांचंही तेच होतं. हे एका आठवड्यात दिसत नाही, म्हणून चार आठवडे गोव्या-राजस्थानात वाटू नकोस, एकाच ठिकाणी राहा. रुग्णांचे फोटो काढायचे नाहीत, हे मी तुला मैत्रीण म्हणून हक्काने सांगतेय. तुझं मराठी इथे कामाला येईल. पाड्यावरची बोली वेगळी आहे, पण कान लागतो. मोशीत स्वाहिलीशिवाय तू दुभाष्याच्या तोंडाकडे बघत बसली असतीस.

तुझ्या कॉलेजकडून लेखी पत्र घे, त्यात 'फक्त निरीक्षण' असं स्पष्ट लिहून घे. कावीळ-बीच्या लसीचा रिपोर्ट आण. इथली परवानगी वेळखाऊ आहे, त्यामुळे तारखा या महिन्यातच कळव, म्हणजे मी सरांशी बोलते. राहायला माझी खोली आहेच. काका-काकूंना मी अजून काही बोललेले नाही, तूच सांग.

तुझीच,
स्मिता