आवाच्या तुरुंगाबाहेर : मित्रास पत्र

अहिल्यानगर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि त्यातला प्रश्न वाचून फार आनंद झाला. ज्या ब्रह्मदेशातून थिबा राजाला तुमच्या रत्नागिरीत आणून ठेवले, त्या देशाशी आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा काय संबंध, असे तू विचारले आहेस. संबंध आहे, आणि तो एका जहाजापासून सुरू होतो. बरेच दिवस मी ब्रह्मदेशात गेलेल्या जडसन या अमेरिकन धर्मप्रसारक कुटुंबाची पत्रे आणि त्यांच्याविषयीचे जुने लेखन वाचत आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

१९ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम बंदरातून ‘कॅराव्हॅन’ नावाचे जहाज कलकत्त्याकडे निघाले. त्यावर दोन नवविवाहित जोडपी होती : ॲडोनिराम आणि ॲन जडसन, सॅम्युएल आणि हॅरिएट न्यूएल. त्यांच्याबरोबरच दीक्षा मिळालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दुसऱ्या जहाजाने येत होते. हेच हॉल, नॉट आणि पुढे येऊन मिळालेले न्यूएल म्हणजे मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक. आमच्या नगरचे काम १८३१ साली याच मिशनने सुरू केले. म्हणजे ज्यांनी मराठीत नवा करार आणला आणि ज्यांनी ब्रह्मी भाषेत आणला, ते एकत्र दीक्षा घेऊन, एकाच महिन्यात घराबाहेर पडलेले सोबती होते. त्या वेळी ॲन बावीस वर्षांची होती आणि तिच्या लग्नाला पुरता पंधरवडाही झाला नव्हता.

ते कलकत्त्यात उतरले ते नेमके वाईट वेळी. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावापासून कंपनी सरकारला धर्मप्रसारकांची धास्ती वाटत होती, आणि त्याच जून महिन्यात अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. कलकत्त्यातून निघून जाण्याचे हुकूम सुटले. न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे गेले. वाटेत समुद्रावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि ती गेली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईला हॅरिएटही गेली. तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. ॲन काही आठवड्यांनी तिथे पोचली, तेव्हा तिला मैत्रिणीऐवजी मैत्रिणीची कबर भेटली. हॉल आणि नॉट यांनी परवानगी नसताना मुंबई गाठली, आणि तिथेही त्यांना परत पाठवण्याची तयारी झाली होती. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना निभावून नेले नसते, तर आमचा इतिहास सुरूच झाला नसता. जडसन पतिपत्नींना मात्र हिंदुस्थानात कुठेच थारा मिळाला नाही. ते मद्रासला आले, पुन्हा हद्दपारीचे भय, आणि बंदरातून लवकर सुटणारे जे जहाज मिळाले ते रंगूनचे होते. त्या प्रवासात ॲनचे पहिले मूल मृत जन्मले. १३ जुलै १८१३ रोजी ती रंगूनला उतरली, तेव्हा तिला चालण्याचेही त्राण नव्हते.

रंगूनमधील पहिली दहा वर्षे मी थोडक्यात सांगतो. सेरामपूरच्या विल्यम केरींचा मुलगा फेलिक्स तिथे आधीपासून राहत होता. केरी म्हणजे मराठीचे व्याकरण आणि शब्दकोश छापणारे तेच केरी. १८१४ साली इरावती नदीत नाव उलटून फेलिक्सची पत्नी आणि मुले बुडाली, आणि पुढे त्याने मिशनचे काम सोडले. जडसनांचा रॉजर हा मुलगा आठ महिन्यांचा होऊन तापाने गेला. पहिला ब्रह्मी मनुष्य, मौंग नॉ, याचा बाप्तिस्मा १८१९ च्या जूनमध्ये झाला, म्हणजे सहा वर्षांनी. या काळात ॲनने ब्रह्मी बोलण्यात नवऱ्यालाही मागे टाकले होते. एवढेच नव्हे, रंगूनमध्ये राहणाऱ्या सयामी लोकांसाठी तिने त्यांची भाषा शिकून मत्तयाचे शुभवर्तमान त्या भाषेत उतरवले. पुढे यकृताच्या दुखण्याने तिला अमेरिकेत जावे लागले, आणि जाण्यायेण्यासकट दोन वर्षांहून अधिक काळ ती रंगूनबाहेर राहिली. ती घरीच राहिली असती तर कोणी बोल लावला नसता. पण डिसेंबर १८२३ मध्ये ती परत आली, आणि महिन्याभरात दोघे राजधानी आवा येथे गेले.

त्या वेळी गादीवर बाजीडॉ राजा होता, तुमच्या थिबा राजाच्या आजोबांचा थोरला भाऊ. आसाम, मणिपूर आणि आराकान यांच्या सीमांवरून ब्रह्मी दरबार आणि कंपनी यांच्यात तेढ वाढत गेली, मार्च १८२४ मध्ये कंपनीने युद्ध जाहीर केले, आणि मे महिन्यात इंग्रजी आरमाराने रंगून घेतले. आव्याच्या दरबाराला अमेरिकन आणि इंग्रज हा भेद समजण्याचे कारण नव्हते. शिवाय जडसनला अमेरिकेहून येणारा पैसा गूजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या हुंड्यांवरून मिळत असे, आणि जप्त झालेल्या हिशेबाच्या वह्यांत त्या रकमा दिसल्या. हेर ठरवायला तेवढा पुरावा पुरेसा होता. इंग्रजांनी ज्याला शत्रुदेशाचा म्हणून हाकलले, त्यालाच ब्रह्मी सरकारने इंग्रजांचा हस्तक म्हणून धरले. ८ जूनला ऐन जेवणाच्या वेळी शिपाई आले, त्यांच्याबरोबर चेहऱ्यावर गोंदलेला फाशीगार होता, आणि त्यांनी जडसनला जमिनीवर पाडून दोरीने करकचून बांधून नेले.

यापुढे जे घडले ते आपल्याला मुख्यतः ॲनच्याच शब्दांत ठाऊक आहे. १८२६ साली, सुटकेनंतर, तिने आपल्या दिराला एक अतिशय लांब पत्र लिहिले. मित्रा, मी पुष्कळ पत्रे वाचली आहेत, पण इतके संयमाने लिहिलेले आणि इतके हलवून टाकणारे पत्र माझ्या वाचनात दुसरे नाही.

लेट-मा-यून नावाच्या त्या तुरुंगाला खिडकी नव्हती. कैद्यांच्या पायांत लोखंडी बेड्यांचे तीन-तीन जोड होते. रात्री सगळ्यांच्या पायांमधून एक लांब बांबू घालून तो वर ओढत, म्हणजे पाय अधांतरी आणि अंगाचा भार खांद्यांवर. तुरुंगातून अन्न मिळत नसे, बाहेरून कोणी आणील तरच खायचे. ॲनने पहिल्या दिवशी घरातली सर्व पत्रे आणि रोजनिश्या नष्ट केल्या, कारण इंग्लंड-अमेरिकेचा त्यातला एकेक उल्लेख घातक ठरला असता. मग तिचे फेरे सुरू झाले : शहराच्या सुभेदाराकडे, राणीच्या भावाच्या बायकोकडे, लहानमोठ्या अंमलदारांकडे, हातात काहीतरी नजराणा आणि तोंडात अस्खलित ब्रह्मी. कुठे आश्वासन, कुठे झिडकारणे. तिचा पोशाख ब्रह्मी बायकांसारखा असे. सुभेदाराच्या मनात तिच्याविषयी हळूहळू माया उत्पन्न झाली. कैद्यांना गुपचूप मारून टाकण्याचा हुकूम त्याला एकाहून अधिक वेळा आला, तो त्याने पाळला नाही, आणि हे त्याने तिला डोळ्यांत पाणी आणून सांगितले. २६ जानेवारी १८२५ रोजी तिला मुलगी झाली, मारिया. ती वीस दिवसांची असताना आईने तिला तुरुंगाच्या दाराशी नेऊन बापाला दाखवले.

आता त्या हस्तलिखिताविषयी. नव्या कराराचे ब्रह्मी भाषांतर तयार होते आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. ॲनने ते प्रथम घराखाली पुरले. पावसाळ्यात ते कुजेल म्हणून उकरून काढले आणि एका उशीत शिवले, आणि ती उशी मुद्दाम इतकी टणक व गबाळी केली की कोणाही पहारेकऱ्याला तिचा मोह होऊ नये. तिच्यावर डोके ठेवून जडसन तुरुंगात झोपत असे. मे १८२५ मध्ये कैद्यांना एकाएकी औंगबिन्ले या गावाकडे हलवले, तेव्हा शिपायांनी उशीवरची चटई ओरबाडून घेतली आणि आतला कापसाचा गठ्ठा टाकून दिला. मौंग ईंग नावाच्या शिष्याने आपल्या गुरूची खूण म्हणून तो उचलून घरी नेला. आत काय आहे हे त्याला माहीत नव्हते. काही महिन्यांनी तो उलगडला, तेव्हा पाने जशीच्या तशी निघाली.

औंगबिन्लेकडे जाताना मे महिन्याच्या उन्हात कैदी अनवाणी चालत होते. दीड वर्षाच्या बंदिवासातला हा सर्वांत भयंकर दिवस. एक ग्रीक कैदी त्याच दिवशी मेला. जडसनच्या तळपायांची कातडी सोलून निघाली होती. गूजरचा एक बंगाली नोकर धन्याच्या मागोमाग आला होता. त्याने डोक्याचे फडके फाडले, अर्धे धन्याला दिले, अर्धे जडसनच्या पायांना बांधले, आणि उरलेल्या वाटेत जडसनला जवळजवळ खांद्यावर घेऊन चालवले. या माणसाचे नाव कुठेही नोंदलेले मला आढळले नाही. ॲन तान्ह्या मुलीला आणि सांभाळायला घेतलेल्या दोन ब्रह्मी मुलींना घेऊन मागून पोचली, तिच्याबरोबर त्यांचा बंगाली स्वयंपाकी होता. तिथे मुलींना देवी आल्या, मग ॲन स्वतः आमांशाने अंथरुणाला खिळली, आणि तिचे दूध आटले. तुरुंगाधिकाऱ्याला काही देऊन परवानगी मिळवली, आणि बेड्या घातलेला बाप तान्ही मुलगी घेऊन गावात दारोदार फिरू लागला. ज्या बायकांच्या अंगावर स्वतःची मुले होती, त्यांनी तिला पाजले. या दिवसांत त्या स्वयंपाक्याने जात आणि पगार दोन्ही बाजूला ठेवले. लांबून लाकूड-पाणी आणून, घरच्यांची आणि कैद्यांची जेवणे करून, अनेकदा संध्याकाळपर्यंत स्वतः उपाशी राहून त्याने या कुटुंबाला जगवले, असे ॲनने कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. आमच्या उपदेशांत जडसनचे नाव येते, कधीमधी ॲनचेही येते. मौंग ईंग, हा स्वयंपाकी, तो डोक्याचे फडके फाडणारा नोकर आणि औंगबिन्लेच्या दूध पाजणाऱ्या बायका यांचा उल्लेख मी कोणत्याही व्यासपीठावरून ऐकलेला नाही. मला हे फार लागते, कारण ब्रह्मी नवा करार आणि तो लिहिणारा मनुष्य हे दोन्ही या लोकांच्या हातांतून जिवंत पलीकडे गेले आहेत.

इंग्रजी फौज राजधानीच्या जवळ आली, तेव्हा दरबाराला दुभाष्याची गरज पडली आणि जडसनच्या बेड्या निघाल्या. २४ फेब्रुवारी १८२६ च्या यांदाबोच्या तहाने राजाने आराकान आणि तेनासेरीम दिले, आसाम-मणिपूरवरचा हक्क सोडला आणि एक कोटी रुपये खंडणी मान्य केली. इथे माझे मन अडखळते, ते तुझ्यापासून लपवत नाही. ज्या तहाने ब्रह्मी राज्याचा कणा मोडला, त्याच्या वाटाघाटीत जडसन मध्यस्थ होता, आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्याने इंग्रजांनी घेतलेल्या मुलखात, मोलमीनला, त्यांच्या संरक्षणाखाली काढले. त्याच्या मनात राज्यलोभ नव्हता याची मला खात्री आहे. पण त्यानंतर धर्म आणि इंग्रजी सत्ता एकाच दाराने आत आल्यासारखी दिसू लागली, याचे ओझे ब्रह्मी ख्रिस्ती लोकांना पुढे वाहावे लागले. १८५२ आणि १८८५ च्या युद्धांनी उरलेले राज्यही गेले, आणि तुमच्या समुद्रकाठी थिबा राजा येऊन पोचला. आव्यापासून जवळच असलेल्या मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी सहा वर्षे काढली, तो मुलूख तोवर पुरता इंग्रजांचा झाला होता.

ॲनला या शांततेचे थोडेच महिने मिळाले. नव्या मुलखातील ॲम्हर्स्ट या वसाहतीत तिने बांबूचे घर उभे केले आणि शाळा सुरू केली. जडसन क्रॉफर्ड या इंग्रज वकिलाच्या मंडळीबरोबर पुन्हा आव्याला गेला होता, नव्या व्यापारी तहात धर्मस्वातंत्र्याचे कलम घालून घेता येईल या आशेने. ते कलम पडले नाही, आणि तो तिथे असतानाच २४ ऑक्टोबर १८२६ रोजी ॲन तापाने वारली. तिचे वय छत्तीस होते. बातमी त्याला सुमारे महिन्याने, पत्रातून कळली. सहा महिन्यांनी मारियाही गेली आणि तिला आईशेजारी पुरले. त्यानंतर जडसन बराच काळ लोकांपासून तुटून रानात एकटा राहत असे. अपराधी वाटत होते की दुःख अनावर झाले होते, हे त्याची पत्रे वाचूनही मला नीट ठरवता येत नाही. संपूर्ण बायबलाचे भाषांतर त्याने १८३४ मध्ये पुरे केले, आणि ब्रह्मी मंडळ्यांत ते आजही वाचले जाते.

आमच्या बाजूची हकिगत याहून फार वेगळी नाही. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. हॉल २० मार्च १८२६ रोजी, नाशिककडच्या दौऱ्यात, पटकीनेच एका खेड्यात वारले. त्याच वर्षी मुंबईच्या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला, त्याच वर्षी ॲन गेली. १८१२ साली निघालेल्या त्या माणसांपैकी इतक्या जणांनी चाळिशीच्या आसपास किंवा त्याआधीच जगाचा निरोप घेतला, की आमच्या जुन्या नोंदवह्या वाचताना मला वारंवार वही मिटून ठेवावी लागते.

ॲनच्या त्या लांब पत्राचे मराठी भाषांतर मी हाती घेतले आहे. औंगबिन्लेपर्यंतचा भाग झाला आहे आणि उरलेला चालू आहे. झालेला भाग पुढच्या आठवड्यात टपालाने पाठवतो. तुझी नजर भाषेच्या बाबतीत माझ्यापेक्षा तिखट आहे, तेव्हा न संकोचता खुणा कर. आणि थिबा राजाबरोबर रत्नागिरीत आलेल्या ब्रह्मी नोकरचाकरांविषयी तुमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडून काही ऐकायला मिळाले, तर ते अवश्य लिहून घे आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र