रात्रीच्या ढगांचीही बातमी द्या

महोदय,
आपल्या अंकात उद्याचं कमाल-किमान तापमान असतं, पण रात्री आभाळ कसं राहील ते नसतं. स्कीवरून डोंगर चढणाऱ्या माझ्यासारख्याला नेमकं तेच हवं असतं. परवा पहाटे पाचला निघालो. रात्र निरभ्र होती, त्यामुळे बर्फाने आपली ऊब आकाशात सोडली आणि वरचा थर काचेसारखा गोठला. स्कीखालच्या स्किन (चढताना घसरू नये म्हणून चिकटवलेल्या केसाळ पट्ट्या) धरेनात, बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे टोकदार दात्यांचे सांगाडे, लावावे लागले. साडेनवाला पूर्वेच्या उतारावरचे वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ पडले. उतरायला याहून सुंदर बर्फ नाही! पण तासाभरात बूट आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत रुतू लागला, आणि खडकांखालून बर्फाच्या गुंडाळ्या आपोआप घरंगळू लागल्या. ३० अंशांहून तीव्र उतारावर हा ओल्या हिमस्खलनाचा इशारा असतो. शिखर सोडून मागे फिरलो (सोबत्याचा चेहरा पडला, ते वेगळं). सावलीतला उतार तेव्हाही कडकच होता. ढगाळ रात्री ही ऊब निसटत नाही, बर्फ नीट गोठत नाही आणि घसरण सकाळी लवकरच सुरू होऊ शकते. तापमानाशेजारी एक ओळ पुरेल.

— एक गिर्यारोहक वाचक