शांतता समिती सणापुरतीच का?

महोदय,

सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. आमच्या भागातल्या बैठकांना मी जात असतो. पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त. साहेब मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेचे नियम वाचून दाखवतात, 'सण गुण्यागोविंदाने साजरा करा' म्हणतात, मग चहा आणि फोटो. मागे बसलेल्या दोन-चार बायांना कुणी काही विचारत नाही. पुढचा सण येईपर्यंत समिती कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

अशा समितीने दंगल थांबत नाही. ती कशाने थांबते, हे भिवंडीने दाखवून दिले आहे. तिथे 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, न्या. मादन आयोगाने तिची चौकशी केली, आणि तरीही 1984 च्या मे महिन्यात गाव पुन्हा जळाले. मात्र डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत दंगलीत 900 माणसे मेली, तेव्हा हाकेच्या अंतरावरची हीच भिवंडी शांत राहिली. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून त्यांनी वस्तीतली साधी हिंदू-मुस्लीम माणसे एकत्र बसवली आणि ठाण्यातल्या पोलिसांना त्यांच्याशी जोडून दिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किरकोळ तक्रारी तिथेच मिटू लागल्या. त्यातून झालेली ओळख कठीण दिवसांत कामाला आली. सगळे श्रेय समित्यांना द्यावे असे मी म्हणत नाही. गावातले यंत्रमाग बंद पडले की मालक आणि मजूर दोघांचाही धंदा बुडतो, हेही भिवंडीकर दोन दंगलींत शिकले होते.

आज गरज आहे ती याच ओळखीची. जून 2023 मध्ये कोल्हापूर मोबाइलवरच्या स्टेटसवरून पेटले, मार्च 2025 मध्ये नागपूर अफवेवरून. मग इंटरनेट बंद, संचारबंदी, धरपकड. हे सगळे दगड पडल्यानंतरचे. पहिल्या तासात अफवा खोटी आहे हे सांगायला पलीकडच्या गल्लीतला ओळखीचा माणूस लागतो. त्याचा फोन नंबर आपल्याकडे नसेल, तर तो तास भडकवणाऱ्यांच्या हातात जातो. अन् भडकवणाऱ्यांना धाक कसला? मुंबईच्या त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्ये आला. त्याने नावानिशी ठपका ठेवलेल्या किती जणांना शिक्षा झाली, हे मुंबईकर जाणतात. दंगल करून काही बिघडत नाही अशी खात्री असलेला माणूस पुढच्या दंगलीलाही तयारच असतो.

गृह खात्याकडे माझी मागणी साधी आहे. शांतता समितीची बैठक दर महिन्याला घ्या, सण असो वा नसो. निम्म्या जागा बायकांना द्या. पोरगा हातात दगड घेऊन बाहेर पडला की घरात आधी त्यांनाच कळते. निवडणूक लढवणाऱ्यांना सदस्य करू नका. बीटवरच्या हवालदाराला वस्तीत माणसे ओळखू लागेपर्यंत हलवू नका. आणि सदस्यांची नावे ठाण्याबाहेरच्या फलकावर लावा, म्हणजे अडीअडचणीला कुणाचे दार ठोठवायचे ते लोकांना कळेल.

– एक वाचक, कल्याण